लाल वर्तुळाला हात लावताना

सगळं ऑफिस तिला वहिनी म्हणायचं. कारण साधं होतं. खालच्या मजल्यावर, जिथे शहरभरातून अँब्युलन्ससाठी फोन येतात, तिथे तिची नणंद कामाला होती. तिने जिन्यातून "वहिनी, डबा विसरलीस!" अशी हाक मारली की दोन्ही मजल्यांना ऐकू जायची. नाव तिथूनच चिकटलं. निवृत्तीला आलेला वॉचमनसुद्धा तिला वहिनीच म्हणे, आणि तिनेही कधी हरकत घेतली नाही.

वहिनी वरच्या मजल्यावर प्रोग्रामर होती. खाली फोन आला की कुठली गाडी कुठे पाठवायची हे ठरवणारं सॉफ्टवेअर वरच्या सहा-सात जणांच्या हातात होतं. आणि गेलं वर्षभर त्या सहा-सात जणांचं एकच रडगाणं चाललं होतं. कुणीतरी येऊन एखादा किरकोळ बदल सांगायचं, "दोन दिवसांचं काम आहे" म्हणायचं, आणि ते काम तीन आठवडे खायचं. वर तिसऱ्याच ठिकाणी काहीतरी मोडायचं. का, असं विचारलं की कुणाला धड सांगता येत नसे. नळ गळत असेल तर भरलेली बादली दाखवता येते. कोड कुठला दाखवणार?

शेवटी वैतागून वहिनीने कोडचं चित्र काढणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक फाईल म्हणजे एक वर्तुळ. जितकी मोठी फाईल, तितकं मोठं वर्तुळ. आत 'असं असेल तर हे कर, नसेल तर ते बघ, तेही नसेल तर' अशा गाठी जितक्या जास्त, तितका रंग हिरव्याकडून लालकडे सरकायचा. आणि ज्या दोन फायली कायम एकमेकींबरोबर बदलाव्या लागतात, त्यांच्यामध्ये एक रेघ. जितक्या वेळा बरोबर बदलल्या, तितकी रेघ जाड.

सोमवारी सकाळी तिने तो नकाशा भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावला. कडेकडेने हिरवी, पिवळी वर्तुळं होती, बरीचशी बटणाएवढी. आणि मधोमध एकच लालभडक, ताटाएवढं. त्याच्यातून जाड रेघा चारी दिशांना गेल्या होत्या.

"अरे बापरे, हे तर गळू आहे!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. म्हणणाऱ्याला ऑफिसात जावईबापू म्हणत. नोकरीला लागला त्या दिवशी त्याने खिडकीजवळची जागा, नवी खुर्ची आणि मोठा मॉनिटर मागून घेतला होता, आणि तिन्ही मिळवले होते.

हसले नाहीत फक्त आजोबा. आजोबांचं वय काही आजोबांचं नव्हतं. ऐन पस्तिशीत केस पांढरे झाले म्हणून तेव्हाच्या पोरांनी ते नाव ठेवलं होतं, आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर ते त्यांना शोभायला लागलं होतं. त्या लाल वर्तुळाचं नाव होतं 'वाटप'. कुठल्या फोनला कुठली गाडी द्यायची, हे ठरवणारी फाईल. शहरात मोजून चार गाड्या होत्या तेव्हा आजोबांनी ती लिहिली होती.

"रंग कुणी निवडला?" त्यांनी विचारलं.

"प्रोग्रामने, आजोबा. आतल्या गाठी मोजून."

"हं," म्हणाले आणि खुर्ची फिरवून कामाला लागले.

दुपारी वहिनी त्यांच्यापाशी गेली. तिला कोड लिहायला खऱ्या अर्थाने त्यांनीच शिकवलं होतं. तिच्या पहिल्या महिन्यात तिने केलेल्या घोटाळ्यावर पांघरूण घालणारेही तेच होते.

"आजोबा, ते तुमच्यावर नाहीये हो. फाईलवर आहे."

"चौदा वर्षं मी तेच केलंय, पोरी," आजोबा मान वर न करता म्हणाले. "मी कुठे संपतो आणि ती फाईल कुठे सुरू होते, तेवढं दाखव तुझ्या नकाशात. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नकाशा पाहिला. मॅडम तीन महिन्यांपूर्वी कारभार सांभाळायला आल्या होत्या. त्याआधी मोठ्या हॉस्पिटलचं व्यवस्थापन बघत. कोडमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण डोकं तल्लख होतं. स्क्रीनसमोर त्या हाताची घडी घालून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"इथे आल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी दिसतंय," त्या म्हणाल्या. "हे लाल आहे म्हणून सगळी कामं लांबतात. बरोबर?"

वहिनीला हायसं वाटलं. तिने सगळं सांगितलं. दर आठवड्याला वाटपातली एक गाठ सोडवायची. पुढच्या सोमवारी पुन्हा नकाशा काढायचा, रंग उतरला का बघायचं. नाही उतरला तर चुकीची गाठ धरली असं समजायचं आणि दुसरी धरायची. आणि तोवर त्या फाईलवर नवं मोठं ओझं टाकायचं नाही.

"बेडचं काम पुढच्या गुरुवारी सुरू व्हायलाच हवं," मॅडम म्हणाल्या. कुठल्या हॉस्पिटलमध्ये खाट रिकामी आहे हे गाडीला आधीच कळावं, असं ते काम होतं. "अधिकारी बघायला येणार आहेत, तारीख हलणार नाही. आणि दुसरं." त्यांनी आवाज खाली आणला. "वरून आदेश आहे, एक माणूस कमी करा. अंदाजाने कुणाच्या पोटावर पाय देण्यापेक्षा हे चित्र बरं. फायलींऐवजी माणसांचे रंग दाखवता येतील का? कुणी किती लाल केलं ते?"

वहिनीने आधी आजोबांच्या खुर्चीकडे बघितलं.

"येतील. पण मी नाही करणार, मॅडम."

"का?"

"ज्या दिवशी माणसांना रंग लागतील, त्या दिवसापासून वाटपाला कुणी हात लावणार नाही. जो ते उघडेल त्याच्याच नावावर ते चिकटेल ना. सगळे वळसा घालून जातील. नकाशा हिरवा होईल, आणि खाली गाड्या चुकीच्या दारात उभ्या राहतील."

"हा तुमचा अंदाज झाला."

"हो. अंदाजच आहे."

"मग मी दुसऱ्या कुणाला सांगते," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. वहिनी जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी घरी नवरा भाजी चिरत होता आणि नणंद ओट्याला टेकून उभी होती. घरात तिला बारकी म्हणत, डोकं दाराच्या चौकटीला लागायचं तरी. वहिनीने सगळं सांगितलं.

"आजोबांना काढणार?" नवऱ्याने विचारलं.

"माणसांचा तसा तक्ता झाला तर पहिलं नाव त्यांचंच येईल. सगळ्यात जास्त काम केलंय म्हणून."

"वहिनी, एक सांगू? रागावू नकोस," बारकी म्हणाली. "तुझं लाल-पिवळं तुझ्यापाशी. गेल्या आठवड्यात एकाच दारात दोन गाड्या गेल्या आणि पलीकडच्या गल्लीत एकही नाही. त्या बाईने मला फोनवर ज्या शिव्या घातल्या ना, त्या मी आईलासुद्धा सांगू शकत नाही. कुणाची फाईल, कुणाचं नाव, मला काय करायचंय? मी 'गाडी निघाली' म्हणते तेव्हा ती निघालेली असावी. एवढंच."

"मी त्यासाठीच तर मरतेय, बाई."

"मग जरा लवकर मर," बारकी म्हणाली. नवरा फस्सकन हसला, आणि वहिनीलाही हसू आवरेना.

तक्ता जावईबापूने बनवला. एका दुपारचं काम होतं ते. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या नकाशाशेजारी नावांची उतरंड झळकली, वर आजोबा, लालभडक. आजोबांना केबिनमध्ये बोलावलं गेलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पाकीट होतं. महिनाअखेर शेवटचा दिवस. कॉफीच्या मशीनपाशी ते उभे असले की बाकीच्यांना अचानक कॉफी नकोशी व्हायची.

आणि वहिनी म्हणाली होती तसंच झालं. वाटप कुणी उघडेना. एक साधी दुरुस्ती तीन जणांकडे फिरून परत आली. बेडचं काम जावईबापूकडे होतं. त्याने ते वाटपात घातलंच नाही. बाजूला एक नवी फाईल काढली. नकाशावर ती आली तेव्हा मटारच्या दाण्यासारखी दिसत होती, गोल आणि हिरवीगार. मॅडमनी तिच्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं, "हे बघा, असं काम हवं."

वहिनी मात्र त्या दाण्याकडे बघत राहिली. वाटपापर्यंत जाणारी एक रेघसुद्धा त्याच्यातून निघत नव्हती. गाड्यांशी संबंधित काम, आणि वाटपाशी त्याचा काहीच संबंध नाही, हे कसं शक्य आहे?

ती जावईबापूच्या टेबलापाशी गेली. "गाडी मोकळी झाली हे तू कुठून घेतोस?"

"मीच ठरवतो. हॉस्पिटलने बेड दिला की गाडी मोकळी."

"बेड दिला म्हणजे पेशंट उतरला का?"

"दोन मिनिटं इकडे-तिकडे. बेड दारातच देतात की."

"पण वाटपात हे वेगळ्या तऱ्हेने ठरतं. ड्रायव्हरने सांगितल्यावर. आता एकच गोष्ट दोन ठिकाणी ठरणार. ते वाटपातच घाल ना, मी बसते तुझ्याबरोबर."

जावईबापूने आजूबाजूला बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीची ऐट नव्हती. "वहिनी, तो तक्ता मीच बनवलाय. त्यात नाव वर कसं चढतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. घरी सहा महिन्यांचं पोर आहे माझं. मी वाटप उघडणार नाही. तुला उघडायचं तर उघड."

ती मॅडमकडे गेली. मॅडमनी ऐकून घेतलं. "टेस्ट पास झाल्यात?" झाल्या होत्या. "चूक झालेली दाखवता येतेय?" येत नव्हती. "मग गुरुवारी सुरू."

गुरुवारी सकाळी धुकं पडलं. असं की खिडकीतून समोरची इमारत दिसेना. बाहेरच्या वळणरस्त्यावर पहाटेपासून मोटारी आणि ट्रक एकमेकांवर आदळत होते. वहिनी ऑफिसात पोचली तेव्हा खालच्या मजल्यावरचे सगळे फोन वाजत होते. वरच्या मीटिंगरूममध्ये अधिकारी येऊन बसले होते आणि मॅडम त्यांना पडद्यावर बेडचं काम दाखवत होत्या.

पहिली बातमी वायरलेसवरून आली. सात नंबरच्या ड्रायव्हरचा आवाज होता, चिडलेला. "मला नवीन पत्ता कसा काय येतोय? माझ्या मागे पेशंट आहे! अजून अर्धा रस्ता बाकी आहे!"

मग अकरा नंबर. मग तीन.

वहिनीने गाड्यांचा पडदा उघडला. रस्त्यावर जखमींना घेऊन रांगत चाललेल्या गाड्या पडद्यावर 'मोकळ्या' दिसत होत्या. एकीला, दुसरीला, तिसरीला नवे फोन वाटले जात होते. आणि खाली नव्या माणसांना सांगितलं जात होतं, गाडी निघाली.

जावईबापू तिच्या मागे येऊन उभा राहिला. "दोन मिनिटांचाच फरक असतो... मी मोजला होता."

"धुक्यात नसतो," वहिनी म्हणाली. तिला आता लख्ख दिसत होतं. हॉस्पिटलांनी अपघातांची गर्दी बघून खाटा आधीच राखून ठेवल्या होत्या, गाडी निघायच्या आत. आणि गाड्या पायी चालल्यासारख्या सरकत होत्या. खाट मिळणं आणि पेशंट उतरणं यात आज पाऊण पाऊण तास जात होता. तेवढा वेळ ती हिरवी फाईल भरलेल्या गाडीला मोकळी म्हणत होती, आणि वाटप तिचं ऐकत होतं.

तिने भिंतीकडे बघितलं. वाटपातून निघणाऱ्या रेघांपैकी सगळ्यात जाड दोन रेघा दोन वर्तुळांकडे जात होत्या, वायरलेसच्या आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या. यांतलं एक हलवलं की उरलेली दोन हलवावीच लागतात, असं त्या रेघा ओरडून सांगत होत्या. नव्या फाईलने तिघांनाही न विचारता मध्येच हात घातला होता.

कोपऱ्यात आजोबा टेबलाचा खण रिकामा करत बसले होते. सगळ्या धावपळीत त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

"आजोबा!"

त्यांनी बघितलं आणि उठले. रुसवा-फुगवा काही दाखवला नाही, सरळ तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिने चार वाक्यांत सांगितलं. "दोन वाटा आहेत. नवी फाईल बंद करायची, नाहीतर वाटपात आत्ता एक अट घालायची, की ड्रायव्हरने सांगितल्याशिवाय मोकळी धरू नकोस. तुम्ही म्हणाल तसं."

आजोबांनी पडद्यावर वाटप उघडलं. खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. वायरलेसवर कुणीतरी ओरडत होतं.

"नको," ते म्हणाले. "आत्ता इथे बोट लावलंस तर आणखी काय काय हलेल हे मलाही सांगता येणार नाही." त्यांनी वाटप मिटलं. "मी लिहिलंय तरी. बंद कर ते नवीन."

बंद करायला मॅडमची परवानगी लागायची. वहिनी मीटिंगरूमचं दार न वाजवताच आत गेली. सगळे तिच्याकडे वळले.

"मॅडम, बेडचं काम आत्ता बंद करावं लागेल. भरलेल्या गाड्यांना नवे फोन जातायत."

मॅडमनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पाच मिनिटं द्या, मी यांना..."

"पाच मिनिटं नाहीत."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि बारकी दारात आली. कानावरचा हेडफोन गळ्यात लोंबत होता, वायर मागून फरपटत आली होती. ती कुणाकडेही न बघता थेट मॅडमशी बोलली.

"एका बाईच्या नवऱ्याच्या छातीत कळ आलीय. वीस मिनिटांपूर्वी मी तिला सांगितलं गाडी निघाली. ती गाडी दुसऱ्याच टोकाला आहे आणि आत दोन जखमी आहेत. ती बाई अजून लाईनवर आहे, माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला बसवून आलेय तिच्याशी बोलायला. मी खाली जाऊन तिला काय सांगू, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

एक अधिकारी खाकरला.

मॅडमनी वहिनीला एकच प्रश्न विचारला. "बंद केलं तर हातात काय राहतं?"

"काल होतं ते."

"बंद करा."

वहिनी धावत सुटली.

फाईल बंद झाली, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. जिला जिला मोकळी म्हणून शिक्का बसला होता, ती गाडी पडद्यावर मोकळीच राहिली होती. खरी कुठली आणि खोटी कुठली हे आता फक्त ड्रायव्हरच सांगू शकत होते. आजोबा लॅपटॉप काखेत मारून खाली गेले. बारकीच्या शेजारी स्टूल ओढून बसले. कित्येक वर्षांत ते त्या मजल्यावर आले नव्हते.

बारकी वायरलेसवर एकेका गाडीला हाक मारू लागली. "सात?"

"पेशंट आहे!"

"सात भरलेली," बारकी म्हणाली. आजोबांनी लॅपटॉपवर तशी नोंद टाकली. वर वहिनीने तपासलं आणि फोनवर सांगितलं, "सात बसली. पुढे."

"अकरा?"

"भरलेली."

"चौदा? चौदा, बोल रे बाबा. चौदा!"

धुक्यातून खरखर आली, मग आवाज. "चौदा मोकळी. पुलाच्या अलीकडे उभा आहे. मला कुणी काही सांगितलंच नाही."

बारकीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी शहराच्या नकाशावर पूल शोधला, आणि छातीत कळ आलेल्या माणसाचं घर. मध्ये तीन चौक होते.

"पाठव," आजोबा म्हणाले.

"पडद्यावर येऊ दे ना आधी?"

"पडदा राहू दे. तू तोंडाने सांग. मी मागून लिहितो."

सगळ्या गाड्या खऱ्या व्हायला दुपार झाली. तोवर धुकंही विरलं होतं. चौदा नंबर त्या घरी पोचली तेव्हा तो माणूस शुद्धीवर होता, पण घामाने निथळत होता आणि ओठ निळे पडले होते. तो वाचला. हॉस्पिटलने कळवलं की उशिरामुळे हृदयाचा बराच भाग कायमचा निकामी झालाय, आता त्याला पूर्वीसारखं जड काम जमणार नाही. बारकीने ते ऐकलं, हेडफोन टेबलावर ठेवला आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. वहिनी तिच्याशेजारी बसली. रात्री घरी भावाने वाढलेलं तिचं ताट तसंच राहिलं.

शुक्रवारी सकाळी मॅडम वरच्या मजल्यावर आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. जावईबापू उभा राहिला, काहीतरी सांगायला लागला. मॅडमनी हात करून त्याला थांबवलं.

"तो तक्ता मी मागितला होता," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "वहिनींनी मला आधी सांगितलं होतं काय होईल ते. मी ऐकलं नाही. अधिकाऱ्यांना मी कालच लिहून दिलंय हे." मग जावईबापूकडे वळल्या. "काढा तो भिंतीवरून. नकाशा राहू दे."

माणूस कमी करायचा आदेश काही लगेच मागे गेला नाही. मॅडम दोन आठवडे वरच्यांशी भांडत होत्या. शेवटी तो वर्षभर पुढे ढकलला गेला. वर्षानंतर काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. आजोबांना पाकीट परत घेतल्याचं कळवलं तर ते लगेच हो म्हणाले नाहीत. सुट्टी टाकून घरी बसले. तिसऱ्या दिवशी वहिनी त्यांच्या घरी गेली. ते गच्चीवर कुंड्यांतली माती उकरत होते.

"येणार आहात का नाही, तेवढं सांगा," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय मला ते उघडायची भीती वाटते."

"मला तुझ्याबरोबरसुद्धा वाटते," आजोबा म्हणाले. हात झटकले. "त्या दिवशी मला कळलं, मी तिथे काय लिहिलंय ते मलाच माहीत नाही आता. वर्षानुवर्षं मला वाटत होतं, माहीत आहे. घाईघाईत कुणी सांगितलं, मी एक अट घातली. पुन्हा कुणी आलं, पुन्हा घातली. दुसऱ्यांनीही घातल्या. माझं नाव तेवढं राहिलं दारावर." त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं. "सोमवारी येतो. पण आधी टेस्ट लिहायच्या. आत्ता ते काय करतं हे पक्कं कळल्याशिवाय मी एक ओळ हलवू देणार नाही."

ती अट जावईबापूला सगळ्यात जास्त जाचली, कारण टेस्ट त्यालाच लिहाव्या लागल्या. पण त्याने मुकाट लिहिल्या. धुक्याच्या दिवसाचे सगळे फोन, सगळ्या गाड्यांच्या वेळा त्याने मिळवल्या आणि तो दिवस पुन्हा पुन्हा सॉफ्टवेअरवर चालवून बघितला. मग पहिली गाठ सोडवायला घेतली. पुढच्या सोमवारी नकाशा काढला तर लाल वर्तुळ लहान व्हायच्या ऐवजी फुगलं होतं.

"हे काय?" तो घाबरून म्हणाला. "आपण सोडवतोय की गुंतवतोय?"

"गाठ सैल केली की दोरा आधी जास्त दिसतो," वहिनी म्हणाली. तिलाही खात्री नव्हती. त्या आठवड्यात त्यांनी हात घातलेला तुकडा परत जागेवर ठेवला आणि दुसरा धरला. तो होता गाडी मोकळी कधी, हे ठरवण्याचा. वाटपात ते ठिकठिकाणी विखुरलं होतं. त्यांनी ते उचलून एकाच जागी आणलं. आता विचारायचं तर तिथेच विचारायचं, आणि उत्तर फक्त ड्रायव्हर देणार. मॅडम दर सोमवारी स्क्रीनसमोर येऊन उभ्या राहत आणि एवढंच विचारत, "आज कुठे हात घालताय?"

तो तुकडा एका साध्या मंगळवारी दुपारी सुरू करायचं ठरलं. आभाळ स्वच्छ होतं, फोनची गर्दी नव्हती, अधिकारी नव्हते. मॅडमनीच अशी वेळ निवडली होती. वहिनीने बारकीला फोन केला. "तयार?"

"मी कायमच तयार असते. तू दाब काय ते."

आजोबा तिच्या डाव्या हाताला, जावईबापू उजव्या हाताला उभा होता. तिने बटण दाबलं. पडद्यावर गाड्या होत्या तिथेच होत्या. काहीच घडलं नाही. मिनिटभर, दोन मिनिटं, खाली एकही फोन आला नाही. जावईबापू नख खात होता.

मग एक फोन आला. कुठल्याशा घरात पोराच्या घशात बटण अडकलं होतं. पडद्यावर गाड्यांच्या ठिपक्यांपैकी दोन जवळ होते. एक भरलेला, एक मोकळा. वाटपाने क्षणभर विचार केला आणि मोकळा उचलला.

वायरलेसवर ड्रायव्हरचा आवाज आला, "नऊ निघाली." खाली बारकी पोराच्या आईला सांगत होती, उघड्या लाईनवरून वहिनीला ऐकू आलं, "गाडी निघाली. हो, खरंच निघाली. तुम्ही त्याला मांडीवर पालथं घ्या, मी सांगते तसं करा."

जावईबापू खुर्ची ओढून बसला.

"झालं का?" मॅडमनी दारातून विचारलं.

"एक झाली," आजोबा म्हणाले. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पडद्याजवळ वाकले. "थांबा. आणखी दोन-तीन जाऊ द्या." वहिनीने शेजारची खुर्ची त्यांच्याकडे ढकलली, आणि चौघंही पुढच्या फोनची वाट बघू लागले.